शेवटची चार पानं

दूरचित्रवाणी केंद्रात त्याला सगळे कात्री म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. पंधरा वर्षं त्याने दुसऱ्यांची भाषणं आणि मुलाखती कापल्या होत्या. तासभर बोलणारा विद्वान तो वीस मिनिटांत बसवायचा, आणि आपला कुठला भाग गळाला याचा त्या विद्वानाला घरी पोचेपर्यंत पत्ता लागायचा नाही. असा माणूस हाताशी असताना जुन्या रहस्यकथांची मालिका करायचं ठरलं, तेव्हा त्या गोष्टी छोट्या पडद्यासाठी बेतायचं काम त्याच्याकडे येणं ओघानेच आलं. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा त्याचं नाव पडद्यावर दिसणार होतं. अडीच सेकंद दिसणार होतं. घड्याळ लावून त्याने ते मोजलं होतं.

गोष्टींचा लेखक कधीच देवाघरी गेलेला, त्यामुळे भांडायला येण्याची भीती नव्हती. अडचण वेगळीच होती. या गोष्टी दोन पिढ्यांनी शाळेच्या दप्तरात लपवून वाचलेल्या. बंगल्यातल्या खुनात माळी होता हे शेंबड्या पोरालाही पाठ. दिग्दर्शकाने यावर तोडगा काढला तो पडदे बदलायला सांगावं इतक्या सहज आवाजात. तो म्हणाला, "घर तेच, माणसं तीच, गुन्हा तोच. फक्त गुन्हेगार बदला."

बोलायला काय जातं? मूळ गोष्टीत चिखलाच्या बुटांपासून मोडक्या कुलपापर्यंत सगळं त्या माळ्याभोवती विणलेलं. ते अलगद उसवायचं आणि दुसऱ्याच्या अंगावर चढवायचं, तेही बत्तीस पानांत. कात्रीने त्यासाठी आपली एक रीत बसवली. लेखकाने गोष्टीत आणून विसरून गेलेलं माणूस तो आधी शोधायचा. औषधाचा पेला घेऊन येणारी आणि पुन्हा कधीच न दिसणारी परिचारिका, किंवा मापं घ्यायला आलेला शिंपी. यांना तो 'रिकामी माणसं' म्हणायचा. रिकाम्या माणसाच्या हाती गुन्हा द्यायचा, मग मागे जाऊन दोन-चार ठिकाणी त्याच्यासाठी एखादं वाक्य घालायचं. बाकी सगळीकडे कात्री.

दिग्दर्शक एकदा म्हणाला होता, "तुम्ही इतकं कापता, मग असली वाक्यं का ठेवता? या बाईला कुणीतरी 'बसा, दमला असाल' म्हणतं. त्याने गोष्ट एक पाऊलही पुढे सरकत नाही."

"राहू दे," कात्री म्हणाला. "माणसं नुसती उभी बरी दिसत नाहीत."

दिग्दर्शकाने खांदे उडवले आणि वाक्य राहिलं.

मालिकेबरोबर केंद्राने एक स्पर्धाही लावली. दर पंधरा दिवसांनी एक गोष्ट. सोमवारी अर्धी गोष्ट दाखवायची, सगळी संशयित माणसं एका खोलीत जमली की तिथेच थांबवायची. प्रेक्षकांनी गुन्हेगाराचं नाव आणि ओळखण्याचं कारण एका पोस्टकार्डावर लिहून मंगळवारी टाकायचं. बुधवारचा शिक्का चालणार नाही. गुरुवारी शेवटचा भाग चित्रित होई आणि शुक्रवारी घरोघर दिसे. तोवर शेवटची चार पानं लाखेने बंद केलेल्या पाकिटात, पाकीट दिग्दर्शकाच्या कपाटात, आणि किल्ली त्याच्या कमरेला. बिचाऱ्या नटांना गुरुवारी सकाळी कळे की आपण खून केला आहे. एका ज्येष्ठ नटाने तर डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, "निदान आदल्या दिवशी तरी सांगा हो, मनाची तयारी करायला."

तर मंगळवारी शेवट ठाऊक असणारी माणसं जगात तीनच. दिग्दर्शक, कात्री, आणि कात्रीची ताई.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्नाची वयं दोघांचीही कधीतरी बोलता बोलता उलटून गेली होती आणि आता दोन खोल्यांत दोघांचा संसार होता. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर टाइपरायटर, समोर उशी बांधलेली एक खुर्ची. कात्रीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते फक्त ताईला लागे. शनिवार-रविवार बसून ती सगळा भाग स्वच्छ टाइप करून देई. बोटं इतकी चपळ की शेजारच्यांना वाटे, या घरात रोज पाऊस पडतो. ती टाइप करायला कशी शिकली ही गोष्ट मात्र त्या घरात कुणी काढत नसे.

चौथ्या गोष्टीच्या वेळी दिग्दर्शकाने त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि टेबलावर चार पोस्टकार्डं मांडली. एकच अक्षर, ठसठशीत आणि तिरकं. चारही उत्तरं बरोबर. नावाखाली कारणाच्या ओळीत चारही वेळा एकच मजकूर होता: दिसतं म्हणून.

"हुशार असेल कुणीतरी," कात्री म्हणाला.

"तीन-चारशे कार्डं येतात. पाच-सहा बरोबर निघतात, तीही अंदाजाने. दर वेळी वेगळी माणसं. हा एकटाच चारपैकी चार." दिग्दर्शकाने आवाज खाली आणला. "पाणी कुठेतरी मुरतंय. मोठ्या साहेबांच्या कानावर गेलंय. ते म्हणाले, बातमी आतून फुटत असेल तर मालिका बंद करा. तुमच्याकडे टाइप कोण करतं?"

"बहीण."

"हं," दिग्दर्शक म्हणाला.

आता बघा, त्या एका 'हं'ने काय केलं. घरी जाताना बसमध्ये कात्री स्वतःशी हसला होता. ताई आणि बातमी फोडणार! जी बाई शेजारणीला उसनं दिलेलं भांडं परत मागायला लाजते, ती? पण घरी पोचला तेव्हा ताई टाइपरायटरवर कापड घालत होती, आणि ते कापड तिने जरा घाईने ओढलं असं त्याला वाटलं. रोजच ओढत असेल. त्याने आजवर बघितलं नव्हतं इतकंच. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पंधरा वर्षं कापाकापी करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. कुणी काही बोललं की त्यातलं न बोललेलं त्याला आधी ऐकू येतं. पाचवी गोष्ट गेली, पाचवं कार्ड आलं, तेही बरोबर. 'दिसतं म्हणून.' अक्षर ताईचं नव्हतं, पण ते काय, कुणाकडूनही लिहून घेता येतं. आणि कात्रीला आता घरात सगळंच दिसायला लागलं. ताई दर मंगळवारी दुपारी बाहेर जाते. गेले दोन महिने जाते. म्हणजे मालिका सुरू झाल्यापासून. बरोबर मोठी पर्स नेते. परत येते तेव्हा गालांवर रंग असतो.

"मंगळवारी कुठे जातेस गं?" त्याने एकदा ताटावर बसल्या बसल्या विचारलं, हवापाण्याचं विचारावं तसं.

"पाय मोकळे करायला," ती म्हणाली.

"मंगळवारीच?"

"इतर दिवशी पाय दुखत नाहीत, धाकट्या."

ती हसली. तोही हसला. पण जेवण झाल्यावर त्याने कार्बन पेपर मोजले. आठ असायला हवे होते, सात होते. दुसऱ्या दिवशी त्याने टेबलाच्या खणाला कुलूप घातलं आणि कारण म्हणून उंदरांचं नाव पुढे केलं. त्या घरात उंदीर कधी पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ताईने कुलपाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. नळ जरा जास्तच मोठा सोडला होता तिने.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती, आणि ती मालिकेची नव्हती. अडीच सेकंदांचं नाव गेलं असतं तर तो पुन्हा विद्वान कापायला बसला असता. पण बातमी ताईने फोडली असं ठरलं, तर त्या दोन खोल्यांत मागे काय उरणार? आई गेल्यावर तिने त्याला वाढवलं, त्याच्या तापात रात्री काढल्या, त्याचं कोंबडीच्या पायांचं अक्षर जगात एकटीने वाचलं. तिच्यावरचा विश्वास उडाला तर टेकायला दुसरी जागा त्याच्यापाशी नव्हती. असं असूनही त्याने सापळा लावला. किंबहुना असं होतं म्हणूनच लावला. सोक्षमोक्ष झाल्याशिवाय त्याला घास जात नव्हता.

सापळा साधा होता. सहाव्या गोष्टीत एका श्रीमंत विधवेचा हार नाहीसा होतो. मूळ गोष्टीत चोर तिचा भाचा. कात्रीने चोर केला तिच्या शिंप्याला, मागे जाऊन त्याच्यासाठी वाक्यं पेरली, आणि शेवटची चार पानं मात्र दोनदा लिहिली. खरी, शिंप्याची, आणि खोटी, ज्यात तपासनीस बोट दाखवतो डॉक्टरांकडे. खोटी चार पानं बाकीच्या अठ्ठावीस पानांबरोबर ताईला दिली. खरी त्याने केंद्रावर जेवणाच्या सुट्टीत एका रिकाम्या खोलीत बसून दोन बोटांनी स्वतः टाइप केली. एका पानाला पाऊण तास लागला. कार्डावर 'डॉक्टर' आलं तर ताई. एवढं सरळ गणित.

रविवारी ती टाइप करत असताना तो सतरंजीवर वर्तमानपत्रामागे बसला होता. वर्तमानपत्र कसलं, पान उलटायचंही भान नव्हतं त्याला. ताईच्या बोटांचा पाऊस एकसारखा चालू होता. एकोणतिसाव्या पानावर तो थांबला. तिने टाइप झालेला गठ्ठा उचलला, मागे गेली, मधलं एक पान काढून वाचलं. मग पुन्हा हातातल्या पानाकडे बघितलं.

मागचं कशाला बघते आहे ही? कात्रीने वर्तमानपत्र थोडं खाली केलं.

"हेच शेवटचं?" तिने विचारलं.

"हेच. का?"

चष्म्यावरून ती त्याच्याकडे बघत राहिली. एखादी बाई दुकानदाराने दिलेल्या सुट्ट्या नाण्यांकडे बघते तशी. "काही नाही," ती म्हणाली आणि उरलेली पानं टाइप करून टाकली. पाऊस पडला, पण सावकाश पडला. कात्रीने मनात नोंद केली: चाचरली.

पहिला भाग चित्रित झाला आणि पुढच्या आठवड्यात सोमवारी दाखवला गेला. मंगळवारी तो पोटदुखीचं निमित्त करून केंद्रातून लवकर निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी एका चपलांच्या दुकानात शिरला. ताई दोन वाजता पर्स घेऊन बाहेर पडली. तो मागून चालत राहिला. रोज गुप्तहेर लिहिणाऱ्या माणसाला पाठलाग म्हणजे हातचा मळ असेल असं कुणालाही वाटेल. तसलं काही नाही. त्याच्या चपला वाजत होत्या, पहिल्याच वळणावर तो एका सायकलवर धडकला, आणि सायकलवाल्याने त्याला मोठ्या आवाजात जे सुनावलं ते ताईने कसं ऐकलं नाही हेच नवल. निदान त्याला तरी वाटलं की तिने ऐकलं नाही.

ती वाचनालयात गेली. रस्त्याच्या पलीकडून, काचेतून तो बघत होता. ताईने कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. त्याचं निळं मलपृष्ठ त्याने लांबूनही ओळखलं, त्याच गोष्टींचा संग्रह होता तो. ती टेबलाशी बसली, पर्समधून काहीतरी बाहेर काढलं आणि लिहायला लागली. पुस्तकात बघायची, लिहायची, पुन्हा बघायची. पाऊण तासाने उठली. वाचनालयाच्या पायऱ्यांशीच टपालपेटी. ती पेटीसमोर थांबली, पर्स उघडली, हात आत घातला. आणि त्याच क्षणी मध्ये एक मालवाहू गाडी येऊन उभी राहिली. गाडी हलली तेव्हा ताई रुमालाने कपाळ पुसत चालायला लागली होती.

संपलं, कात्रीला वाटलं. आपल्याच घरात. त्या संध्याकाळी ताईने पोटदुखीसाठी ओवा दिला तर त्याला तो गिळवेना, आणि तिने विचारलं, "पोट खरंच दुखतंय ना रे?" या प्रश्नात काही खोच होती का, यावर तो तासभर विचार करत पडून राहिला.

गुरुवारी सकाळी कारकुनाने कार्डांची टोपली दिग्दर्शकाच्या टेबलावर आणून ओतली. खऱ्या पानांची गोष्ट दिग्दर्शकाला ठाऊक होती. कात्रीने त्याला विश्वासात घेतलं होतं. दोघं दोन्ही हातांनी कार्डं उपसत होते. भाचा, भाचा, स्वयंपाकीण, भाचा, विधवा स्वतःच. डॉक्टर लिहिलेलं एक निघालं आणि कात्रीने ते झटकन ओढून घेतलं, पण अक्षर कुठल्या तरी शाळकरी मुलीचं होतं. मग दिग्दर्शकाच्या हातात ते ठसठशीत, तिरकं अक्षर आलं. त्याने वाचलं आणि कार्ड कात्रीपुढे धरलं.

शिंपी. दिसतं म्हणून.

कात्री खुर्चीवर मागे रेलला. ताईला शिंपी माहीतच नव्हता! तिच्या पानांवर डॉक्टर होता. ती सुटली. त्याला इतकं हलकं वाटलं की हसू फुटलं. मग त्याच्या लक्षात आलं की दिग्दर्शक हसत नाही.

"म्हणजे आता," दिग्दर्शक सावकाश म्हणाला, "माहीत असणारे दोघंच उरलो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सहा वर्षं एकत्र काम केलेली माणसं. दिग्दर्शकाची नजर कात्रीच्या खिशाकडे गेली, कात्रीची दिग्दर्शकाच्या कमरेच्या किल्लीकडे. दोघंही एकदमच ओशाळले.

"पत्ता आहे कार्डावर," कात्री म्हणाला. "मी जाऊन बघतो."

"मीही येतो," दिग्दर्शक घाईने म्हणाला. मग त्याला आठवलं की बाहेर नट खोळंबले आहेत. "नको. तुम्हीच जा. पण संध्याकाळपर्यंत मला सांगा."

पत्ता एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरचा, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते एका उंच, ताठ कण्याच्या म्हाताऱ्याने. घरात असूनही शर्टाची वरची गुंडी लावलेली. फडताळावर पहिल्या तीन गोष्टींची बक्षिसं म्हणून स्पर्धेत मिळालेली तीन टेबलावरची घड्याळं ओळीने मांडली होती, पैकी दोन बंद.

कात्रीने केंद्राचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने कानाला हात लावला. "माझ्याकडे तोंड करून बोला. कान गेले माझे. ओठ वाचतो मी."

"तुमची सहाही उत्तरं बरोबर आली," कात्री सावकाश, तोंड मोठं करून म्हणाला. "कशी?"

"लिहिलंय की. दिसतं."

"काय दिसतं?"

म्हाताऱ्याने त्याला नीट न्याहाळलं. मग म्हणाला, "अडतीस वर्षं मी वेटर होतो. मोठ्या हॉटेलात. टेबलाशी माणसं आली की आम्ही काय बघतो? कोण बसलंय, कोण उभं आहे, कुणासाठी कुणी खुर्ची ओढली. यावरून कळतं बिल कुणाला द्यायचं ते. आता टीव्ही बघतो तो आवाजाशिवायच. आवाजाचा मला काय उपयोग? बायको म्हणते, तेवढीच शांतता." आतून कुणीतरी खाकरलं. "तर तुमच्या त्या मालिकेत ना, एकाच माणसाला दुसरं कुणीतरी खुर्ची देतं. दर वेळी एकालाच. बाकीचे आपापले बसतात, नाहीतर उभे राहतात. एकालाच हाताने खुर्ची पुढे करून बसवतात. शुक्रवारी बघावं तर चोर तोच."

कात्रीने खिशातलं कार्ड काढून पुन्हा पाहिलं.

"पहिल्यांदा वाटलं योगायोग आहे. त्या परिचारिकेला मोलकरणीने स्टूल दिलं. मग त्या मास्तरला. या सोमवारी त्या शिंप्याला म्हातारीने स्वतः उठून खुर्ची दिली. मी बायकोला म्हटलं, लिही, शिंपी. लिहिणारी तीच. माझा हात कापतो." म्हातारा जरा पुढे वाकला. "पण एक विचारू? हे कोण करतं तुमच्याकडे? ज्याला धरायचं त्याला आधी बसवायचं. माणूस चांगला असणार."

कात्रीला तिथून बाहेर पडल्याचं नीट आठवेना. आभार मानले बहुतेक. खाली घड्याळवाल्याच्या दुकानासमोर तो उभा राहिला, तेव्हा आत दहा घड्याळं दहा निरनिराळ्या वेळा दाखवत होती आणि त्याला दिसत होती एक वेगळीच खोली.

तो नऊ वर्षांचा होता, ताई चौदाची. वडील एका कचेरीत सामानाच्या खोलीवर होते. खोलीत एक जुना टाइपरायटर धूळ खात पडला होता, आणि ताईला टाइप शिकायचं होतं. वडिलांनी तो कुणाला न विचारता घरी आणला. पाच महिने ती त्यावर शिकली. मग कुणीतरी सामान मोजलं. ही दोन भावंडं डबा घेऊन कचेरीत गेली तेव्हा वडील साहेबाच्या टेबलासमोर उभे होते. खोलीत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. सकाळपासून ते तिथे उभे होते आणि दुपारनंतरही उभे होते. कुणीही त्यांना बसा म्हणालं नाही. ते खोटं बोलले नाहीत; घेतला म्हणाले. नोकरी गेली. घरी आल्यावर ते उंबऱ्यावरच बसले आणि पाय चेपत राहिले. त्यावर घरात कुणी कधी एक शब्द काढला नाही.

आणि सेहेचाळीस वर्षांचा हा माणूस, सगळं कापणारा, ती एक खुर्ची काही कापू शकला नव्हता. आपण काय करतो आहोत हे त्याला कळलंही नव्हतं. सहा गोष्टी, सहा गुन्हेगार, प्रत्येकाला धरण्याआधी कुणाकडून तरी बसवलं होतं त्याने. बातमी फुटत होती ती इथून.

मग त्याला एकदम ते एकोणतिसावं पान आठवलं. ताईने मागे जाऊन काढलेलं मधलं पान. 'हेच शेवटचं?' त्या कचेरीत डबा हातात धरून त्याच्या शेजारी कोण उभी होती? मधल्या पानावर शिंप्याला खुर्ची आणि शेवटी डॉक्टर, हे तिच्या नजरेतून सुटणार होतं? जिच्यापायी बाप चोर ठरला, त्या बाईवर त्याने पानं चोरल्याचा संशय घेतला होता. कुलूप लावलं होतं. तिच्यामागे चपला वाजवत हिंडला होता.

तो घरी पोचला तेव्हा ताई टाइपरायटरसमोर होती. त्याने पायताण काढलं आणि दारातच थांबला. येताना बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं कुणीतरी कापून टाकावीत तशी नाहीशी झाली होती.

"ताई, ती चार पानं खोटी होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला पकडायला लिहिली होती."

"तेही माहीत आहे." तिने टाइपरायटरवर कापड घातलं, सावकाश, चारही कोपरे नीट करत. "शिंप्याला म्हातारीने उठून खुर्ची दिली, आणि शेवटी डॉक्टर? तू असं कधी करत नाहीस. आणि ती सायकल, धाकट्या. गल्लीत सगळ्यांनी ऐकली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मी नाही घेतलं म्हणून?" पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "ते मला जमत नाही. त्या दिवसापासून जमत नाही."

तिने पर्स उघडून एक वही काढली आणि टेबलावर ठेवली. त्याने उभ्या उभ्याच चाळली. पानापानावर तिच्या सुबक अक्षरात वाक्यं होती, एकाखाली एक, मध्ये मोकळी जागा सोडून. पावसात उभ्या असलेल्या माळ्याचं एक वाक्य. भाच्याच्या फाटक्या हातमोज्यांचं एक. विधवा आरशात बघते तेव्हाचं एक, आणि ते तर कापताना त्यालाही जरा चुटपुट लागली होती. मध्ये घडी घालून ठेवलेला एक जुना कार्बन पेपर, खुणेसाठी.

"तू कापलेली वाक्यं," ती म्हणाली. "चांगली होती रे काही. मालिका संपल्यावर तुला देणार होते."

त्याने वही मिटली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. खोलीत उशीची ती एकच खुर्ची होती, आणि ताई त्यावर बसलेली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं. तो दाराशी दोन्ही हातांत वही धरून उभा होता.

ताईने त्याच्याकडे बघितलं. मग ती उठली, उशी थोपटून सारखी केली, आणि ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे आणून ठेवली.

"बस," ती म्हणाली. "दमला असशील."

तो कितीतरी वेळ नुसता खुर्चीकडे बघत राहिला. मग मान खाली घालून बसला.